खेळामागचे इंजिन

कळवा स्थानकात थांबलेल्या लोकल गाडीच्या तोंडाशी इंजिन दिसत नाही. लांब पल्ल्याच्या गाडीला पुढे इंजिन जोडलेले असते आणि ते दुरूनही ओळखू येते. लोकल म्हणजे मात्र नुसती डब्यांची रांग. तरी ती सुटते, वेग घेते आणि पुढच्या स्थानकात नेमकी थांबते. तिचे बळ तिच्या पोटाखाली असते. काही ठरावीक डब्यांच्या टपावरील पँटोग्राफ वरच्या तारेतून वीज घेतो आणि डब्यांखाली चाकांजवळ बसविलेल्या मोटारी त्या विजेवर चाके फिरवितात. प्रवाशाच्या दृष्टीस ह्यांतले फारसे काही पडत नाही. ते पाहावयाचे तर कळव्याच्याच कारशेडमध्ये जावे लागेल. तेथे देखभालीसाठी आलेल्या गाड्यांखाली उतरून कामगार ही सारी यंत्रणा तपासतात.

संगणकावर किंवा मोबाइलवर मुले जे व्हिडिओ गेम खेळतात, त्यांची रचनाही अशीच असते. पडद्यावर धावणारा नायक, त्याच्या वाटेतील डोंगर आणि दऱ्या, वाजणारे संगीत हे झाले डबे. त्या सर्वांना चालविणारी आज्ञावली खाली दडलेली असते. तिला ‘गेम इंजिन’ म्हणतात. ह्या इंजिनात वाफ नाही आणि वंगणही नाही. ती केवळ संगणकाला दिलेल्या आज्ञांची एक प्रचंड वही असते. तरीही इंजिन हे नाव तिला शोभते, हे तिचे काम पाहिले म्हणजे पटते.

समजा, कोणी विटी-दांडूचा खेळ पडद्यावर आणावयाचे ठरविले. दांडूचा टोला बसताच विटी उसळली पाहिजे, वर जाता जाता तिचा वेग मंदावला पाहिजे, आणि मग वळसा घेऊन ती खाली आली पाहिजे. प्रत्यक्षात हे काम पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण करते. पडद्यावर पृथ्वी नाही, म्हणून तिचे काम इंजिनाला करावे लागते. ते काळाचे बारीक तुकडे पाडते. साधारणतः एका सेकंदाचे साठ तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकड्यात इंजिन सगळी कामे पुन्हा नव्याने करते: खेळणाऱ्याने कोणती कळ दाबली ते पाहणे, विटीचा वेग किंचित बदलून तिला नव्या जागी नेणे, ती जमिनीला, दांडूला किंवा कोणाच्या हाताला लागली काय ह्याचा हिशेब करणे, टोल्याचा आवाज काढणे आणि शेवटी सर्व देखावा नव्याने रंगविणे. एवढ्या सगळ्याला वेळ मिळतो तो एका सेकंदाच्या साठाव्या भागाचा. अशी साठ चित्रे एकामागून एक डोळ्यांसमोरून गेली की विटी हवेत उडाल्याचा भास होतो.

विटीला विटी म्हणतात, हे मात्र इंजिनाला ठाऊक नसते. झेल घेतला की खेळणारा बाद होतो, हेही ते जाणत नाही. हा नियम खेळ रचणाऱ्याने सांगावयाचा असतो. म्हणूनच ज्या इंजिनावर विटी-दांडू चालेल, त्याच इंजिनावर लगोरीही चालेल आणि पारसिकच्या बोगद्यातून जाणारी आगगाडीही चालेल. गुरुत्वाकर्षण, टक्कर, चित्र आणि ध्वनी ह्यांची कामे एकदा करून ठेविली की ती शंभर खेळांना पुरतात.

ही गोष्ट आज सोपी वाटते. पण आरंभीच्या काळात बहुतेक खेळ मुळापासूनच लिहिले जात. नवा खेळ म्हणजे नवी चूल, अशी स्थिती होती. १० डिसेंबर १९९३ रोजी अमेरिकेत ‘डूम’ नावाचा एक खेळ प्रसिद्ध झाला. तो मारामारीचा होता आणि लहान मुलांसाठी नव्हता. परंतु त्याची बांधणी विचार करण्याजोगी होती. त्याचा प्रमुख आज्ञावलीकार जॉन कारमॅक ह्याच्या योजनेत खेळ चालविणारी आज्ञावली एकीकडे होती आणि चित्रे, ध्वनी व नकाशे दुसरीकडे. नकाशा बदलला की त्याच आज्ञावलीवर नवा खेळ उभा राही. ‘गेम इंजिन’ हा शब्द रूढ झाला तो ह्याच सुमारास. पुढे डिसेंबर १९९७ मध्ये डूमच्या इंजिनाची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली करण्यात आली. चित्रे आणि नकाशे मात्र कंपनीचेच राहिले. मग हौशी लोकांनी स्वतःची चित्रे काढून ‘फ्रीडूम’ नावाचा स्वतंत्र खेळ त्याच इंजिनावर रचला.

येथे ‘मूळ आज्ञावली’ म्हणजे काय, ते समजून घेतले पाहिजे. आज्ञावली लिहिणारा माणूस वाचता येतील अशा शब्दांत लिहितो. नंतर तिचे रूपांतर यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत होते. बाजारात बहुधा हे आकड्यांचे रूप तेवढे मिळते. त्यावर खेळ चालतो, पण आत काय लिहिले आहे ते माणसाला उमगत नाही. बिघाड झाला तर दुरुस्त करता येत नाही. माणसाला वाचता येणारे मूळ लेखन जेव्हा सर्वांना दिले जाते, आणि ते वाचण्याची, बदलण्याची व इतरांना देण्याची मुभा लेखी परवान्याने मिळते, तेव्हा त्या आज्ञावलीस ‘मुक्तस्रोत’ असे म्हणतात. नुसते वाचावयास दिले म्हणजे मुक्त केले, असे नव्हे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ ह्या मंडळीने २०२० साली ‘राजी’ नावाचा देखणा खेळ प्रसिद्ध केला. दुर्गेच्या आशीर्वादाने धाकट्या भावाच्या शोधात निघालेल्या एका मुलीची ती कथा आहे. तो खेळ ‘अनरिअल’ ह्या इंजिनावर बांधलेला आहे. अनरिअलची मूळ आज्ञावली परवाना घेणाऱ्यास पाहता येते, तीत बदलही करता येतो. परंतु ती मनास येईल तशी वाटता येत नाही, आणि खेळाचे उत्पन्न ठराविक मर्यादेपलीकडे गेले की कंपनीला हिस्सा द्यावा लागतो. हा व्यवहार रास्त असेल, पण ते मुक्तस्रोत नव्हे.

मुक्त परवान्यांतही भेद आहेत. काहींत एवढीच अट असते की मूळ कर्त्यांचे नाव व परवाना सोबत ठेवावा. काहींत अशी अट असते की ज्याने आज्ञावलीत सुधारणा करून ती दुसऱ्यांना दिली, त्याने आपली सुधारणाही त्याच अटींवर खुली करावी. दुसरा प्रकार पुष्कळांना जाचक वाटतो. पण घेतलेल्या विहिरीत आपणही दोन घागरी ओताव्यात, ह्यात जाच तो कसला?

कधी कधी तर अशी आज्ञावली लोकांनी वर्गणी काढून सोडवून आणली आहे. ‘ब्लेंडर’ हे त्रिमित चित्रे घडविण्याचे साधन. खेळांतील पात्रे, घरे, झाडे त्याच्या साहाय्याने तयार करतात. ते बाळगणारी हॉलंडमधील कंपनी २००२ साली बुडाली आणि ब्लेंडर धनकोंच्या कपाटात बंद होण्याची वेळ आली. त्याचे जनक टॉन रोसेंडाल ह्यांनी गुंतवणूकदारांशी बोलणी केली. एक लाख युरो दिल्यास मूळ आज्ञावली खुली करण्यास ते राजी झाले. रोसेंडाल ह्यांनी जगभरच्या वापरणाऱ्यांपुढे झोळी पसरली, आणि अवघ्या सात आठवड्यांत ती रक्कम उभी राहिली. १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडर सर्वांचे झाले. वर्गणीतून वाचनालये उभी राहिलेली पाहणाऱ्या महाराष्ट्राला ही रीत परकी वाटू नये. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली स्थापन झाले, ते मराठी ग्रंथ एकत्र जपले जावेत आणि वाचकांना मिळावेत म्हणूनच.

आज मुक्तस्रोत गेम इंजिनांत ‘गोदो’ हे विशेष प्रसिद्ध आहे. अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर ह्या दोघांनी ते आपल्या कामासाठी घडविले आणि २०१४ साली त्याची मूळ आज्ञावली खुली केली. सॅम्युएल बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’ ह्या नाटकावरून हे नाव घेतले आहे. त्या नाटकात गोदो नावाच्या कोणाची तरी वाट पाहिली जाते आणि तो येतच नाही. इंजिन कधीच पूर्ण होत नसते, त्यात नव्या गुणांची वाट सदैव पाहावीच लागते, असा त्यातील विनोद. गोदोचा परवाना पहिल्या प्रकारचा, म्हणजे सौम्य आहे. त्यावर रचलेला खेळ विकला तरी कोणास काही द्यावे लागत नाही.

ह्या शेवटच्या गोष्टीचे मोल पुष्कळांना कळले ते २०२३ साली. ‘युनिटी’ हे एक अतिशय लोकप्रिय इंजिन. ते एका कंपनीच्या मालकीचे आहे. त्या कंपनीने १२ सप्टेंबर २०२३ रोजी जाहीर केले की नव्या वर्षापासून ठराविक मर्यादा ओलांडलेल्या खेळांवर, तो खेळ जितक्या यंत्रांवर बसविला जाईल त्या हिशेबाने शुल्क घेतले जाईल. ज्यांनी वर्षानुवर्षे खपून त्या इंजिनावर खेळ बांधले होते, त्यांच्या पायांखालची जमीन सरकली. खेळ एका इंजिनावरून दुसऱ्यावर नेणे म्हणजे पाया तसाच न ठेवता घर हलविणे. गदारोळ झाला, कंपनीने त्याच महिन्यात नियम सौम्य केले आणि वर्षभराने, सप्टेंबर २०२४ मध्ये, ते शुल्क रद्दच केले. इंजिन बनविणाऱ्यांनाही पोट असते, त्यांनी मोल मागू नये असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न होता तो खेळ सुरू झाल्यावर नियम बदलण्याचा. ‘टेरारिया’ ह्या गाजलेल्या खेळाच्या कर्त्यांनी तेव्हा गोदोला एक लाख डॉलरची देणगी दिली, आणि दरमहा एक हजार डॉलर देण्याचेही मान्य केले. त्यांचा मुख्य खेळ गोदोवर नव्हता, युनिटीवरही नव्हता!

मराठी मुलाच्या दृष्टीने मात्र ह्याहून जवळचा एक प्रश्न आहे, तो अक्षरांचा. ठाण्याहून कल्याणला जाणाऱ्या लोकलचा खेळ कोणी गोदोच्या तिसऱ्या आवृत्तीत रचला असता आणि स्थानकांच्या पाट्या मराठीत लिहिल्या असत्या, तर काय झाले असते? ‘ठाणे’ ही पाटी ठीक उमटली असती. ‘कळवा’ तर निर्दोष. त्यात जोडाक्षर नाही, वेलांटी नाही. पुढच्या स्थानकापासून घोटाळ्यास आरंभ झाला असता. ‘मुंब्रा’ची ‘मुंब्‌रा’ अशी मोडतोड झाली असती. ‘दिवा’ ह्या शब्दातील वेलांटी द च्या मागे न बसता पुढे जाऊन व ला चिकटल्यासारखी दिसली असती. कोपर सहीसलामत सुटले असते. पण डोंबिवलीची ‘डोंबविली’ झाली असती, ठाकुर्लीचा रफार खाली घसरून ‘ठाकुर्‌ली’ झाली असती आणि कल्याणचे ‘कल्‌याण’ झाले असते. जो मजकूर वाचताना शिक्षकाने लाल शाईच्या खुणा केल्या असत्या, तो संगणकाने बिनदिक्कत छापला असता.

ह्याचे कारण असे. संगणकाच्या स्मृतीत अक्षरे नसतात, आकडे असतात. युनिकोड नावाच्या जागतिक संकेतानुसार द चा क्रमांक २३४२ आणि वेलांटीचा २३६७. ‘दि’ उच्चारताना आधी द् येतो, मग इ. म्हणून स्मृतीतही आधी द, मग वेलांटी असा क्रम असतो. लिहिताना मात्र वेलांटी द च्या डावीकडे येते. ‘स्त्री’ हे आपल्याला एकच अक्षर वाटते. संगणकाजवळ त्याचे सहा तुकडे असतात: स, पायमोड चिन्ह, त, पुन्हा पायमोड चिन्ह, र आणि दीर्घ वेलांटी. इंग्रजीत अक्षरे एकापुढे एक मांडली की काम संपते. इंग्रजीची सवय असलेल्या इंजिनाने देवनागरीचे तुकडेही तसेच ओळीने मांडले, तर वरच्यासारखी दैना होते. तुकडे पाहून कोणते जोडाक्षर करावयाचे, वेलांटी कोठे न्यावयाची, रफार कोणाच्या डोक्यावर द्यावयाचा हे ठरविणारा कोणीतरी मध्ये हवा.

असा एक कारागीर मुक्तस्रोत जगात आधीच होता. त्याचे नाव ‘हार्फबझ’. बेहदाद एस्फहबोद ह्या इराणी वंशाच्या आज्ञावलीकाराने तो मुख्यत्वे घडविला. नाव फारसी आहे. ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाझ’ म्हणजे खुले. ‘एक हरफही काढला नाही’ असे मराठीत म्हणतात, त्यातला ‘हरफ’ तो हाच. अँड्रॉइड मोबाइलवर मराठी संदेश जे शुद्ध उमटतात, त्यामागे हार्फबझचेच श्रम आहेत. गोदोची चौथी आवृत्ती १ मार्च २०२३ रोजी प्रसिद्ध झाली. तीत अक्षरे मांडणारा जुना भाग काढून नवा बसविला गेला, आणि हार्फबझ त्याच्या पोटात आला. तेव्हापासून मुंब्रा मुंब्राच राहते आणि दिवा दिवाच.

हे इतक्या सहज का घडू शकले? इंजिन उघडे होते म्हणून त्याचा एक भाग काढता आला. कारागीरही खुला होता म्हणून तो उचलून आत ठेवता आला. दोघांचे मालक कुलूप लावून बसले असते, तर पत्रव्यवहार आणि करारमदार झाले असते, आणि मराठी खेळांची संख्या पाहून तो खर्च परवडत नाही असे उत्तर आले असते. उत्तर खोटेही नसते. बंद कंपनीला ग्राहक मोजावेच लागतात. खुल्या इंजिनात ज्याला गरज आहे त्याला स्वतः हत्यारे उचलता येतात. अरबी, उर्दू, बंगाली, तमिळ ह्या सर्व लिप्यांना ह्या एकाच दुरुस्तीचा लाभ झाला.

अक्षरांचे वळण देणारा फॉन्टही लागतो, आणि येथे मुंबईचे नाव आदराने घ्यावे लागते. मुंबईतील ‘एक टाइप’ ह्या अक्षररचनाकारांच्या मंडळाने ‘मुक्ता’, ‘मोदक’ असे अनेक देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्यावर दिले आहेत. मोदक तर नावाप्रमाणेच गुबगुबीत आहे. खेळाच्या शीर्षकास तो शोभून दिसतो. मराठी ल आणि श ह्यांचे वळण हिंदीतील वळणाहून निराळे असते. काही फॉन्टांत दोन्ही वळणे ठेविलेली असतात, आणि मजकूर मराठी आहे असे इंजिनाला सांगितले की मराठी वळण निवडले जाते.

गोदोवर रचलेले खेळ आता जगभर खेळले जातात. २०२२ सालच्या ‘डोम कीपर’मध्ये परग्रहावरील एका काचेच्या घुमटाखाली खोदत जाऊन खनिज आणावयाचे असते, आणि वर शत्रू चालून येण्यापूर्वी परतावयाचे असते. आणखी खोल जावे की माघारी फिरावे, हा पेच हा त्या खेळाचा प्राण. २०२३ सालच्या ‘कॅसेट बीस्ट्स’मध्ये जुन्या ध्वनिफितींवर अद्भुत प्राणी टिपले जातात. ‘लुआंती’ हे आणखी एक मुक्तस्रोत इंजिन. फिनलंडच्या पेर्तू आहोला ह्याने २०१० साली ‘माइनटेस्ट’ ह्या नावाने ते सुरू केले. नवे नाव २०२४ सालचे. त्यातील सृष्टी ठोकळ्यांची असते. डोंगर, माती, दगड सारे ठोकळे. ते खणावे आणि हवे तेथे रचावेत. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणाऱ्या मुलांना ह्यात काही शिकवावे लागणार नाही. फरक इतकाच की हा किल्ला पाण्याने ढासळत नाही आणि हातही मळत नाहीत. दुसरी गोष्ट लाभाची की तोट्याची, ते मुलांनीच ठरवावे.

खुल्या इंजिनांना मर्यादाही आहेत. दूरचित्रवाणी संचाला जोडावयाची जी खास खेळयंत्रे असतात, त्यांच्या कंपन्या आपली तांत्रिक माहिती गुप्त ठेवतात. ती माहिती सर्वांना दिसणाऱ्या आज्ञावलीत लिहिता येत नाही. म्हणून तेथे खेळ नेण्यासाठी वेगळी व्यवस्था करावी लागते. शिवाय गोदो शिकण्याचे साहित्य बहुतांशी इंग्रजीत आहे. पवईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ ह्या उपक्रमाने अनेक मुक्तस्रोत साधनांचे पाठ मराठीतही ध्वनिबद्ध करून विनामूल्य दिले आहेत. संगणकाशी प्रथमच ओळख करून घेणाऱ्यास ते उपयोगी पडतात.

गोदोतील दोषांची नोंदवही सर्वांना पाहता येते, आणि त्यात कोणालाही भर घालता येते. नोंद इंग्रजीत करावी लागते, आणि ती नेमकी असावी लागते. मराठी नीट दिसत नाही, एवढेच लिहिले तर त्यावर कोणालाही काही करता येत नाही. इंजिनाची आवृत्ती कोणती, फॉन्ट कोणता, शब्द कोणता, तो कसा दिसावयास हवा होता आणि प्रत्यक्षात कसा दिसला, हे सांगावे लागते. ‘दऱ्या’ लिहिले असता ‘दर्या’ उमटले, अशी एक ओळ आणि सोबत पडद्याचे चित्र दिले, म्हणजे पृथ्वीच्या पाठीवर कोठेतरी बसलेल्या, मराठीचे एक अक्षरही न जाणणाऱ्या माणसाला कळते की डोंगरांमधली जागा आणि समुद्र ह्यांची अदलाबदल झाली आहे, आणि तो बिघाड शोधावयास लागतो.